भोंगाबाई

११ ऑगस्ट

भुंग्या,

तू फोन उचलत नाहीस. परवा तुझ्या दारात उभी राहिले तर आतून मनीचा आवाज आला, "आत्या आलीय!" आणि लगेच कुणीतरी तिला गप्प केलं. त्या कुणीतरीला रस्ता कसा ओलांडायचा ते मी शिकवलंय, त्यामुळे कोण ते ओळखायला वेळ लागला नाही. पडदा हलला, पुन्हा जागेवर आला. मी थोडा वेळ जिन्यात बसले आणि निघाले.

म्हणून लिहिते आहे.

आईला स्मशानात निरोप देऊन परतताना तू माझ्याशी एकच वाक्य बोललास. "ताई, डोंगर तर तिथेच आहे." त्यानंतर एक अक्षर नाही. तुला जे म्हणायचं होतं ते त्या वाक्यात सगळं आलं होतं, मला ते कळलं.

त्या दुपारी जे झालं ते तू बसच्या स्टिअरिंगमागून पाहिलंस. मी दुसऱ्या टोकाला, इशारा केंद्रात होते. तिथलं तुला कुणी सांगितलं नसेल, मी सांगते.

आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. वसाहतीमागच्या डोंगरात आम्ही भोकं पाडून नळ्या सोडल्या आहेत हे तुला माहीत आहे. उद्घाटनाला मंत्री आले तेव्हा आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. "देशात तयार झालेली पहिली दरड-इशारा यंत्रणा," असं ते तीनदा म्हणाले आणि आईने तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. त्या नळ्यांतली यंत्रं आतल्या पाण्याचा दाब सांगतात आणि माती कलली तर तेही सांगतात. त्या सकाळपासून पाणी चढत होतं. दुपारी माती सरकायला लागली. आधी नखाएवढी, मग बोटाएवढी. पडद्यावरची रेघ लाल रेषेला भिडली, तिच्यावर गेली. नियम असा होता की कामावर असलेल्या अधिकाऱ्याने भोंगा वाजवायचा. कामावर मी होते.

संचालकांना फोन केला. ते म्हणाले, "जरा थांबून बघू." मी थांबले नाही. खाली माझं माहेर आहे म्हणून मी घाबरून भोंगा वाजवला, असं नंतर काही जण बोलले. खरं उलट होतं. आई खाली आहे म्हणूनच मी आकडे आणखी एकदा पडताळून पाहिले. भावनेच्या भरात काही होऊ नये म्हणून.

मग भोंगा वाजला आणि सगळी वसाहत रस्त्यावर आली. तुझी बस, आई तुझ्या मागच्या सीटवर, मांडीवर ऑक्सिजनचं मशीन. पुलाच्या तोंडाशी गाड्या अडकल्या. मशीनची बॅटरी उतरत गेली आणि दुसरी बॅटरी घरात चार्जिंगला राहिलेली. तशा घाईत कुणाच्याही हातून ती राहिली असती, भुंग्या. बस माणसांनी भरलेली, मागे-पुढे गाड्या, तू स्टिअरिंग सोडून उठणार कुठे? आरशात तुला आई दिसत होती, असं तुझी बायको म्हणाली. मला त्यापुढचं ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पाणी उतरलं. डोंगर सरकायचा तेवढा सरकून उभा राहिला. डोंगर कधी कधी थांबतात. का थांबतात हे आम्हाला अजून धड कळलेलं नाही.

आणि एक. पुन्हा तसे आकडे आले तर मी पुन्हा भोंगा वाजवीन. तुला हे वाचून पत्र चुरगाळावंसं वाटेल. पण खोटी माफी मागून तुझ्या घरात बसून चहा पिणं मला जमायचं नाही.

ताई


९ ऑक्टोबर

भुंग्या,

तू पुन्हा वसाहतीत राहायला गेलास हे मला पाहुणीकडून कळलं. (तुझ्या बायकोला आईने ठेवलेलं नाव मीच आता चालवते आहे. लग्नानंतर आठवडाभर ती खुर्चीच्या काठावर बसायची आणि आई म्हणायची, पाहुणी कधी नीट टेकणार? मला ते नाव आवडतं.) ती चोरून फोन करते. तिला रागावू नकोस.

सरकारने दिलेला फ्लॅट सोडून वरच्या ओळीत, त्याच घरात! बाकीचेही परतले असं तू तिला म्हणतोस, ते खरं आहे. शिंपी परतला, शाळेचे मास्तर परतले, सिमेंटच्या कारखान्यातली माणसं तर दुसऱ्याच आठवड्यात परतली, कारण फ्लॅटवरून कामावर जायला दोन बस बदलाव्या लागतात. त्यांचं मी समजू शकते. तू मात्र बस चालवतोस, तुला बसची अडचण सांगू नकोस.

इकडचं ऐक. वर्तमानपत्रातलं चित्र तू पाहिलं असशीलच. एक बाई भलामोठा कर्णा तोंडाला लावून ओरडते आहे आणि मागे डोंगर जांभई देतोय. तेव्हापासून मी भोंगाबाई. भाजीवाल्यापर्यंत नाव पोचलंय. परवा तो म्हणाला, "बाई, आज टोमॅटो घ्या, उद्या महागणार आहेत. इशारा समजा." मी हसले. काय करणार?

संस्थेत मात्र कुणी हसत नाही. देशातली पहिली यंत्रणा, आणि पहिल्याच पावसात नाचक्की. मला इशारा केंद्रातून काढून पर्जन्यमापकांच्या दुरुस्तीला पाठवलंय. तळघरातली कार्यशाळा आहे. गावोगावची पाऊस मोजायची भांडी येतात, कुणात पक्ष्यांनी घरटं केलेलं असतं, कुणात पोरांनी गोट्या टाकलेल्या असतात. मी ती साफ करते, झारीने मोजून पाणी ओतते, काटा बरोबर फिरतो का बघते. बावीस वर्षं डोंगर शिकले, आता डबे विसळते.

केंद्रात आता नवीन संगणक-प्रणाली बसवली आहे. ती म्हणे स्वतः शिकते. माणसाने भोंगा वाजवायचा नाही, ती ठरवणार. तयार करणारा आमच्यातलाच, ज्याला आम्ही दाढी म्हणतो तो. चांगला मुलगा आहे, आता मुलगा कसला, चाळिशी ओलांडली. तो खाली येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, एक सांगायचंय. त्या दिवसाचे सगळे आकडे तिला 'चूक' म्हणून शिकवायला सांगितलेत."

"चूक म्हणजे?"

"म्हणजे यंत्रातला बिघाड. पुन्हा असे आकडे दिसले तर तिने दुर्लक्ष करायचं."

"अरे, पण डोंगर खरोखर सरकला होता! बोटभर सरकला. तू आणि मी जाऊन भेगा पाहिल्या."

"पाहिल्या," तो म्हणाला. "वरून सांगितलंय."

मी तीन वेळा लेखी विरोध केला. उत्तर आलं की आपला विषय आता पर्जन्यमापक हा आहे.

आता जे लिहिते ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, तुलाही नाहीच खरं तर. सकाळी उठले की मी खिडकीत जाते आणि डोंगराकडे बघते. तो तसाच असतो. मग मला वाटतं, पड. एकदा पड रे बाबा. घरं रिकामी असताना, कुणी नसताना, पण पड. म्हणजे आई उगीच गेली नाही असं होईल. मग लक्षात येतं की वरच्या ओळीत तू झोपलेला आहेस, मनी आहे, पाहुणी आहे. आणि मी खिडकी लावून घेते.

अशी झाली आहे तुझी ताई.


२१ जानेवारी

भुंग्या,

पाहुणी काल माझ्या कार्यशाळेत आली होती. तुला न सांगता आली, पण तिने मला सांगितलंय की घरी गेल्यावर ती तुला सांगणार आहे. म्हणजे हे पत्र येईपर्यंत एक भांडण होऊन गेलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

शाळेच्या गणवेशांचं गाठोडं घेऊनच आली होती. बटणं लावत लावत बोलत राहिली. माझ्या डब्यांच्या गर्दीत एक रिकामं स्टूल, त्यावर ती नीट टेकून बसली, काठावर नाही. तेवढं आईने बघायला हवं होतं.

म्हणाली, "ताई, मला सरळ सांगा. आम्ही तिथे राहावं की नाही?"

"नाही."

"ते म्हणतात, ताई असंच म्हणणार. तिला तसंच म्हणावं लागतं."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती दोरा तोडायला वाकली, दाताने तोडला, मग म्हणाली, "मी त्यांना एकदा विचारलं, तुमचा ताईंवर विश्वास नाही का? तर म्हणाले, आहे, म्हणूनच जात नाही. मी म्हटलं, हे काय बोलणं झालं? तर म्हणाले, ताईचं बरोबर असेल तर मला तिच्यावर चिडता येणार नाही. मग आई गेली त्याचं मी काय करू? कुठे ठेवू?"

भुंग्या, हे तू खरंच म्हणालास का? मी रात्रभर तेच ऐकत होते. मला वाटत होतं की तू मला मूर्ख समजतोस. मूर्ख समजला असतास तर सोपं होतं.

मग तिने विचारलं, आत्ता लगेच निघू का? फ्लॅट अजून तुमच्या नावावर आहे, किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. पण मनीची परीक्षा आहे, गणवेशांचं मोठं काम हातात आहे, आणि तुला तयार करायला तिला वेळ हवाय. मी तिला सांगितलं ते तुलाही लिहिते, म्हणजे दोघांना एकच ठाऊक असेल. हा डोंगर पाण्यावर सरकतो. मातीत पाणी भरलं की तो हलतो. आता कोरडे महिने आहेत, आतलं पाणी तळाला गेलंय. घाई करून भांडणं करू नका. परीक्षा होऊ दे. पावसाआधी मात्र निघा. मे महिना उजाडला की मी स्वतः येऊन तुमची भांडी बांधीन, तू दार उघड किंवा उघडू नकोस.

ती हसली. "दार मी उघडीन," म्हणाली.

जाताना तिने एक गणवेश उलटा करून दाखवला. प्रत्येक खिशाला आतून दुहेरी शिवण घालते. "पोरं खिशात काहीही भरतात," म्हणाली. कुणी पैसे जास्त देत नाही त्याचे. मी विचारलं मग का घालतेस, तर खांदे उडवले.

मे महिन्यात भेटू.

ताई


२६ मार्च

भुंग्या,

काय लिहू?

तू मला ढिगाऱ्याजवळ पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. बरोबर केलंस. मी लांबच उभी राहिले. तू हातांनी दगड काढत होतास आणि बचाव पथकातला माणूस तुला सारखा मागे ओढत होता. मला पुढे येऊन तुझ्या शेजारी दगड काढायला हवे होते. मी आले नाही.

आकाश निरभ्र होतं. एक ढग नव्हता. खालच्या ओळीत दोऱ्यांवर कपडे वाळत होते, ते तसेच वाळत होते, आणि त्यांच्यावर पांढरी धूळ. माणसं सांगत होती की आधी कारखान्यात स्फोट झाल्यासारखं वाटलं. मग वरची ओळ नव्हती. बहुतेक जण कामावर होते, पोरं शाळेत होती. जे घरी बसून काम करतात ते घरी होते.

दोन दिवसांनी पाहुणीला बाहेर काढलं, तेव्हा मी तिथे होते. तुला कळू नये म्हणून गर्दीत होते.

मनी शाळेच्या मास्तरांकडे आहे हे मला कळलं. मास्तरांचंही घर गेलं, ते बहिणीकडे राहतात, तिथेच तिला नेलंय. मी तिला भेटून आले. ती माझ्या मांडीवर बसली नाही. समोर उभी राहून म्हणाली, "आत्या, भोंगा का नाही वाजला?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

माझ्या दाराशी कॅमेरे घेऊन लोक उभे आहेत. ज्या वर्तमानपत्राने तो कर्ण्याचा विनोद छापला त्यानेच काल माझा जुना फोटो छापलाय, खाली लिहिलंय, 'जिचं कुणी ऐकलं नाही'. भाजीवाल्याने पैसे घेतले नाहीत. मी ते त्याच्या टोपलीत टाकून पळत सुटले.

मी सकाळी खिडकीत उभी राहून काय म्हणत होते ते तुला लिहिलं होतं. ते पत्र तू वाचलं नसशील अशी आशा आहे. वाचलं असशील तर त्याबद्दल मला काहीही बोल. डोंगर माझं ऐकून पडत नाहीत हे मला समजतं, माझा धंदाच तो आहे. तरी आता मी त्या खिडकीला कागद चिकटवलाय.

ताई


८ एप्रिल

भुंग्या,

काल तुझा फोन आला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि तू नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलंस, "तुझी जुनी यंत्रणा असती, तू खुर्चीत असतीस, तर भोंगा वाजला असता ना? हो की नाही, एवढंच सांग."

मी म्हटलं, उद्या सांगते. तू फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, टाळते आहे. टाळत नव्हते. मला खरंच माहीत नव्हतं. न बघता बोलायचं नव्हतं.

उत्तराला किती किंमत आहे ते मला कळतं. हो म्हटलं तर पाहुणीला संस्थेने मारलं, त्या प्रणालीने मारलं, ज्यांनी खऱ्या आकड्यांवर 'चूक' लिहिली त्यांनी मारलं. नाही म्हटलं तर तू एकटा उरतोस, तिला त्या घरात परत नेणारा. तू हे बोलला नाहीस, पण मी तुझी बहीण आहे.

काल संध्याकाळी दाढीला घरी बोलावलं. तो बिचारा पंधरा दिवस जेवलेला दिसत नाही. मार्चचे सगळे आकडे तो घेऊन आला. आम्ही ते माझ्या जुन्या पद्धतीत घातले, जशी ती माझ्या हातात होती तशीच. लाल रेषाही तिथेच ठेवली.

रेघ वर गेली नाही, भुंग्या.

पुन्हा केलं. दाढीने वेगळ्या तऱ्हेने केलं. रेघ सपाट राहिली. डोंगर पडायच्या अगदी आधी ती उडी मारते, पण तेव्हा भोंगा वाजला असता तरी माणूस खुर्चीतून उठून दारापर्यंत पोचला नसता. आमच्या नळ्या मातीतून जाऊन खडकाला टेकल्या होत्या. खडक लागला म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो, पाया पक्का आहे म्हणून. तो खडकच खालून तुटला. पायथ्याशी ट्रकसाठी रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय कापला गेलाय, त्याने असेल, किंवा आणखी काही असेल. आमची यंत्रं वरच्या मातीत बसून पाणी मोजत राहिली आणि डोंगर त्यांना पाठीवर घेऊन गेला.

तर तुझं उत्तर, नाही. माझी यंत्रणा असती, मी असते, तरी भोंगा वाजला नसता.

'चूक' लिहिणं हे पाप होतंच. मी ते चौकशी समितीसमोर सांगणार आहे. पण त्याने ती गेली नाही.

आता पुढचं. हेही मोजून बघ. ती लगेच निघायला तयार होती. किल्ली तिच्याजवळ होती. कोरड्या महिन्यांत भीती नाही, असं तिला मी सांगितलं. तुझ्या हट्टापायी ती तिथे राहिली असं तू धरून बसला आहेस, पण ती तिथे राहिली ती माझ्या शब्दावर. माझा शब्द विचार करून दिलेला होता, मला जे ठाऊक होतं ते सगळं त्यात होतं, आणि तो चुकीचा होता. तुला धीर यावा म्हणून हे लिहीत नाहीये. असं घडलं म्हणून लिहिते आहे.

दाढीकडून कळल्यावर संचालक आज स्वतः तळघरात उतरले. म्हणाले, "हे निष्कर्ष तुम्ही समितीला सांगा, संस्थेची बाजू भक्कम होईल." थोड्या वेळाने वसाहतीच्या लोकांचे वकील आले. म्हणाले, "मॅडम, फक्त 'शक्यता होती' एवढं म्हणा. तेवढ्यावर या लोकांना घरं मिळतील." चांगला माणूस आहे, डोळे लाल झाले होते त्याचे. एकाच दिवसात दोन्हीकडून माझ्या जिभेला मागणी आली. आयुष्यात प्रथमच.

समितीपुढे मी जे बोलणार ते तुला हॉलमध्ये बसून परक्यांच्या गर्दीत ऐकावं लागू नये, म्हणून आज रात्रीच पोस्टात टाकते.

ताई


२९ एप्रिल

भुंग्या,

तू मागच्या ओळीत, दाराजवळ बसला होतास. ड्रायव्हरचा गणवेश घालून आला होतास, म्हणजे कामावरून आला होतास किंवा कामावर जाणार होतास. मी वाचायचा चष्मा लावला आणि काढलाच नाही, म्हणजे मागचं काही स्पष्ट दिसू नये.

मी सगळं सांगितलं. आकड्यांवर काय लिहायला लावलं, माझे विरोधाचे कागद कुठे गेले, रस्ता कापताना आम्हाला कुणी विचारलं नाही. संचालकांनी खाली मान घातली. मग अध्यक्षांनी विचारलं, "तुमची पद्धत चालू असती तर लोक वाचले असते का?" मी नाही म्हटलं. तेव्हा मागून जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. शिंपी उभा राहून ओरडला, "बाई, आमच्या बाजूने एक शब्द बोलता आला नाही का तुम्हाला?" त्याचा भाऊ गेलाय.

पुढे मी आणखी बोलले, बहुतेकांनी ऐकलं नाही. म्हटलं की आम्हाला या डोंगरांबद्दल फार थोडं कळतं. थोडं कळतं ते खरं कळतं, पण थोडंच. त्या थोड्याच्या आधारावर यंत्र बसवून तुम्ही फीत कापलीत आणि लोकांना वाटलं आता आपल्याला कुणीतरी राखतंय. मीही तसंच वाटून घेतलं. घरं द्यायची तर आमच्या यंत्राने काय दाखवलं असतं यावर देऊ नका. डोंगर कापलाय म्हणून द्या, माणसं गेली म्हणून द्या.

डोळे वर केले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

मला परत केंद्रात घ्यायचं म्हणतायत. खडकाच्या आतपर्यंत भोकं पाडायची, नवीन यंत्रं तयार करायची. दाढी म्हणतो, चला मॅडम. मी अजून हो म्हटलेलं नाही. तळघरात पन्नासेक डबे पडलेत, पावसाआधी ते गावोगाव जायला हवेत. ते तरी काटेकोर मोजतात. आकाशातून पडलेलंच पाणी मोजतात, पडेल ते मोजत नाहीत.

पुन्हा लिहिणार नाही. तुला त्रास देण्याचा हक्क मी फार वापरला.

ताई


१४ मे

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. डेपोत बसून लिहितोय, माझी बस धुवायला गेलीय.

तुझी सगळी पत्रं वाचली. खिडकीचं पण वाचलं, तेव्हाच वाचलं होतं. फाडलं होतं, मग पाहुणीने चिकटवलं. ती म्हणाली, तुमची बहीण आहे म्हणून ती तुम्हाला असलं लिहू शकते, मला माझी बहीण असलं कधी लिहिणार नाही.

हॉलमधून मी उठून गेलो ते तुझ्यावर चिडून नाही. मला आत बसवत नव्हतं. बाहेर येऊन बसमध्ये बसलो. मनात म्हटलं, ही बाई खोटं बोलली असती तर माझं काय बिघडलं असतं? मी तुला फोनवर तेच मागत होतो. तुला ते कळलं होतं आणि तरी तू दिलं नाहीस. तुझं 'नाही'चं पत्र आलं त्या दिवशी मला तुझा जेवढा राग आला तेवढा आईच्या वेळी पण आला नव्हता.

मी तुला माफ केलेलं नाही हे लक्षात ठेव. पण नक्की काय माफ करायचं ते बघायला गेलो तर हाताला काही लागत नाही. तू म्हणतेस ती तुझ्या शब्दावर राहिली. मी म्हणतो ती माझ्यामुळे राहिली. तिला विचारता आलं असतं तर म्हणाली असती, गणवेशांचं काम हातात होतं म्हणून राहिले, तुम्ही दोघं उगाच भाव खाताय.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. मनी शाळेत जाते. मास्तर आधी म्हणायचे ती बोलत नाही, आता म्हणतात फार बोलते. घरी मात्र एकच विचारते. जेवायला बसलं की विचारते, बाबा, आता या बाजूचा डोंगर पण पडेल का? इथून पण एक दिसतो, लांब आहे. मी म्हणतो, नाही पडणार. ती म्हणते, कशावरून? मास्तरांनी सांगितलं, देव बघतो. शेजारीण म्हणाली, सरकारने नवीन मशीन लावलंय. ती माझ्याकडे बघत राहते. तिचा यातल्या कशावरच विश्वास बसत नाही आणि ती जेवत नाही.

मला खोटं बोलून झालं, आता बोलवत नाही. आणि खरं मला येत नाही.

रविवारी मला सुट्टी आहे. तू ये. ती विचारेल तेव्हा तू तिला सांग. माहीत असेल ते सांग, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांग. आमच्यापैकी कुणाला ते म्हणता येत नाही, तुला येतं.

दार मी उघडीन.

भुंग्या